चारशे ऐंशी नेवऱ्या

डिसेंबर लागला तसा अनुपमाच्या घरातला चहा काळा झाला. आधी अर्ध्या लिटरची पिशवी यायची, ती पाव लिटरवर आली. मग दूध फक्त अपूर्वाच्या कपात पडू लागलं, कारण ती कामावर जायची. अनुपमा आणि गुणाजी कोरा चहा प्यायचे आणि पित्तावर बरा असतो असं एकमेकांना सांगायचे. दोघांपैकी एकालाही पित्त नव्हतं.

जोगेश्वरीच्या गुंफेमागे चढावर त्यांची चाळ. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, दारात पाण्याचं निळं पिंप. बावीस वर्षं ती खोली भाड्याचीच होती. दर अकरा महिन्यांनी कागद नवे व्हायचे आणि मालक मार्तंडशेट मुलुंडहून येऊन सही करून जायचे. या वेळी त्यांनी येण्याऐवजी फोन केला. डिपॉझिट दहा हजारांनी वाढेल म्हणाले.

"चोवीसला संध्याकाळी येतो. पैसे हातात पडले तर कागद करू. नाहीतर माझ्याकडे दुसरी पार्टी उभी आहे. राग मानू नका वहिनी, धंदा आहे."

अनुपमाने राग मानला नाही. राग मानायलाही थोडी उसंत लागते. तिने फोन ठेवला आणि फडताळातला पितळी डबा काढला. त्यात अठ्ठावीसशे रुपये होते. गुणाजी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं प्लॅस्टिकचे साचे काढायच्या मशीनवर होता. दिवाळीच्या बोनसऐवजी कारखान्याला टाळं लागलं आणि मालकाने मशिनं भिवंडीला नेली. हिशेबाचे पैसे देतो म्हणाला होता, तो अजून देतच होता. अपूर्वा एका लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, तिचा पगार खोलीच्या भाड्यात जायचा. उरलेलं घर अनुपमाच्या हातावर चालायचं. चकल्या, लाडू, नेवऱ्या, लग्नसराईत रुखवताचं. तिची सगळी गिऱ्हाइकं पायी जाण्याच्या अंतरावर होती. नालासोपाऱ्याला गेलं तर खोली स्वस्त मिळाली असती, पण तिथे तिची एक चकली कोण विकत घेणार? हे तिला स्वयंपाक करताना, कपडे पिळताना, झोपेतसुद्धा आठवायचं.

मग रेजिनाआंटीचा निरोप आला.

रेजिना परेरा आंबोलीच्या गावठाणातली. सत्तरी ओलांडलेली, पायाने अधू, जिभेने तिखट. दर नाताळाला ती अनुपमाकडून किलोभर नेवऱ्या घ्यायची. नेवरी म्हणजे करंजीच. मालवणात तेच नाव आणि आंबोलीच्या गावठाणातही तेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोघींचं जमलं. या वर्षी आंटीच्या गुडघ्यांनी साथ सोडली होती. तिच्या नात्यातल्या आठ घरांचा फराळ तीच करायची, तो आता होणार नव्हता.

"बारा किलो कर," आंटी म्हणाली. "साडेआठशेनी. तीन हजार आता घे. शनवारी मना माल पायजे, मग मी घराघरात ताटं लावते. वाईट नको करू गो, माझं नाव जाईल."

बारा किलो म्हणजे चाळीसच्या हिशेबाने चारशे ऐंशी नेवऱ्या. दहा हजार दोनशे. तीन हजार मालाला गेले तरी हातात बहात्तरशे येणार, आणि डब्यात अठ्ठावीसशे. अनुपमाने आंटीच्या पायरीवर बसूनच बेरीज केली. बरोबर दहा हजार होत होते. इतकं बरोबर होताना बघून तिला आनंदापेक्षा भीतीच जास्त वाटली.

घरी बसल्यापासून गुणाजीला काटकसरीचं वेड लागलं होतं. आयुष्यभर मशीनसमोर उभा राहिलेला माणूस, हाताला चाळा हवाच. तो साबणाच्या चिपट्या ओल्या करून एकमेकींना चिकटवायचा. टूथपेस्टची नळी ब्लेडने उभी चिरून आतली पेस्ट दोन दिवस पुरवायचा. अनुपमा भांडी घासायला मोरीत वळली की तिच्या पाठीमागचा दिवा बंद व्हायचा.

"अहो, माका दिसूक नको?"

"भांडी हातान घासतंस की डोळ्यान?"

जेवायला कुळथाची पिठी आणि भात. मार्गशीर्ष म्हणून मासे बंद होते हे एका परीने बरंच झालं, नाहीतर परवडत नाहीत हे तोंडाने बोलावं लागलं असतं. बाजारहाटीचं काम गुणाजीने स्वतःहून अंगावर घेतलं. रिक्षा नाही, बस नाही, अंधेरीच्या बाजारात तंगडतोड करत जायचा, दहा दुकानं फिरायचा आणि खोबरं वाटीवाटीने हुंगून घ्यायचा. बुधवारी तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घामाने निथळत आला. पिशवीतून एक पुडी काढून त्याने तिच्यापुढे धरली. एवढा खूश तो दिवाळीपासून दिसला नव्हता.

"चारोळी. पाव किलो. सगळीकडे पाचशे सांगत होते, मी तीनशेत हाडलंय."

"तीनशेत?"

"बंद होणारा दुकान होता. दुकानवालो माल काढून टाकत होतो. दोनशे वाचले गो!"

अनुपमाने पुडी उघडून बघितली. दाणे जरा काळपट होते, पण चारोळी असतेच तशी. त्याचा चेहरा बघून तिने जास्त विचारलं नाही.

गुरुवार मार्गशीर्षातला तिसरा. तिने पहाटे उठून घट मांडला, फळं मांडली, पोथी वाचली आणि पदर खोचून कामाला बसली. उपास होता. उपास नसता तरी तिने चाखलं नसतं. करणाऱ्याने जिभेला लावायचं नाही, देवाच्या आधी उष्टं होतं, हे आईने लहानपणी हातावर फटका मारून शिकवलं होतं. अनुपमा मीठसुद्धा वासावर आणि बोटाच्या अंदाजावर घालायची आणि कधी चुकायची नाही. चाळीत तिचा हात त्यासाठी नावाजलेला होता.

तिने खोबरं किसलं, मंद आचेवर भाजलं, रवा भाजला, खसखस, काजूचे तुकडे, चारोळी, वेलची, पिठीसाखर. तीन पराती भरून सारण झालं. मग मैद्याचा घट्ट गोळा मळला. मळता मळता मनगटं भरून आली, दंडात कळ निघू लागली. पारी लाटायची, सारण भरायचं, दुमडायची, कातण्याने कड फिरवायची. दुपारी अपूर्वा अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली आणि लाटायला बसली. गुणाजी गॅसच्या शेगडीसमोर बसून तळत होता. साच्यातून माल काढायची सवय असलेला तो माणूस नेवरी तेलातून एकाच रंगावर काढायचा, एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

"बाबा, एक देना," अपूर्वा म्हणाली. "वास काय झकास सुटलाय यार."

"एक नेवरी एकवीस रुपयांची," अनुपमा म्हणाली. "खा आणि एकवीस रुपये ठेव."

"एवढी कंजूस आई कोणाला नसेल."

ती हसत म्हणाली, पण हात मागे घेतला. शुक्रवारीही तेच. दोन दिवसांत घरातल्या कोणी एक तुकडासुद्धा तोंडात टाकला नाही. संध्याकाळी चार मोठे डबे भरले. अनुपमाने पुन्हा एकदा मोजले, चारशे एक्क्याऐंशी झाल्या. एक जास्तीची होती. तिने ती वाटीत वेगळी ठेवली.

शनिवारी सकाळी अपूर्वाने कामावर निघताना ती वाटीतली नेवरी उचलली आणि आईने काही बोलायच्या आत अर्धी तोंडात घातली. दोन घास चावून ती थांबली. मोरीत जाऊन थुंकली.

"आई, कडू आहे."

"काय कडू?"

"नेवरी. आधी गोड लागते आणि मग शी... खा तू."

अनुपमाने उरलेली अर्धी तोंडात टाकली. साखर, वेलची, खमंग खोबरं. तिला वाटलं, पोरगी उगाच घाबरवते. आणि मग घशाच्या तोंडाशी तो कडूपणा आला आणि तिथेच बसला. पाणी प्यायली तरी गेला नाही. तिने डब्यातली दुसरी फोडली, तिसरी फोडली. मग पुडीत राहिलेले चार दाणे काढून दाताखाली धरले. चारोळी खवट झाली होती, जुनी, वर्षा-दोन वर्षांपूर्वीची. प्रत्येक नेवरीत तिचे पाच-सहा दाणे होते.

 ती डब्यांच्या मधोमध खाली बसली.

गुणाजी दारात उभा होता. त्याने चारोळीचा एक दाणा उचलून चावला. चावत राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून अनुपमाने बघितला नाही.

"मी परत देऊन येतंय," तो म्हणाला.

"काय परत देतलात? नेवऱ्यातून दाणे वेचून देतलात?"

त्याने रिकामी पुडी खिशात घातली, वाटीतल्या फोडलेल्या नेवऱ्यांजवळून एक सबंध उचलली, कागदात गुंडाळली आणि चपला घालून गेला. दुकानदाराच्या तोंडावर फेकणार असेल, असं तिला वाटलं. तो चढ उतरेपर्यंत ती त्याच्या पाठीकडे बघत होती. शर्ट खांद्यावर लोंबत होता, एवढा तो दीड महिन्यात उतरला होता.

शेजारच्या सुंदराबाईला भिंतीपलीकडून सगळं ऐकू गेलं होतंच. ती आली, एक नेवरी खाऊन बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"देऊन टाक गं तशीच. ती माणसं वरून वाईन पितात, त्यांना काय कळतंय?"

अनुपमाच्या मनातही तेच येऊन गेलं होतं. एकदा नाही, तीनदा. आठ घरांत ताटं जातील, कोणी एक खाईल, कोणी ठेवून देईल, आंटी चार गोष्टी सुनावेल पण तोपर्यंत पैसे हातात असतील आणि खोली राहील. ती डब्यांची झाकणं लावायलाही उठली. मग तिला आंटीचे शब्द आठवले, माझं नाव जाईल, आणि तिच्या लक्षात आलं की दोघींचीही पुंजी तेवढीच आहे. तिला रडू फुटलं. सुंदराबाईसमोर रडायचं नव्हतं, पण फुटलंच.

"सुंदराबाय, तुझा दुसरा सिलिंडर भरलेला आहे?"

"आहे. का गं?"

"दे. जानेवारीत भरून देते."

दुपारी गुणाजी परतला. दुकानदाराने त्याला ओळखच दिली नव्हती. चारोळी माझी कशावरून, म्हणाला होता, आणि दुकानातल्या पोरांसमोर, चाचा, तीनशेत तुम्हाला बदाम हवे होते का, असं विचारलं होतं. एवढं गुणाजीने खाली मान घालून सांगितलं.

"आणि आंटीक सांगितलंय. मंगळवारी माल देतलाव म्हणान."

"काय म्हणाली?"

"बरा म्हणाली."

फोनवर दोन मिनिटांत मिटवून आला असेल, असं अनुपमाला वाटलं. तिने पितळी डबा त्याच्या हातात न देता अपूर्वाच्या हातात दिला. तो तिने मुद्दाम दिला आणि त्याने ते बघितलं. अपूर्वा संध्याकाळी खोबरं, मैदा, तेल, साखर घेऊन आली. चारोळीचं नाव कोणी काढलं नाही. डब्यात साठ रुपये उरले.

आता गणित असं होतं की सगळं नीट झालं, आंटीने सगळा माल घेतला, तरी बहात्तरशेच येणार होते. अठ्ठावीसशे कमी पडणार होते आणि मध्ये तीन दिवस होते. ती मैदा मळत होती आणि डोक्यात तेच मळलं जात होतं.

रविवारी सकाळी तिला वाटलं, गुणाजी शेगडीसमोर बसेल. पण त्याने जेवणाचा डबा काढला, त्यात त्या कडू नेवऱ्या भरल्या आणि तो निघाला.

"खय चाललात?"

"काम बघूक."

"रयवारी?"

"रयवारीपण कामा असतत."

आणि तो गेला. अनुपमा हातातलं लाटणं धरून तशीच बसून राहिली. चूक केली ती केली, आता निस्तरायच्या वेळी माणूस घरातून पाय काढतो, याचा तिला संताप आला. तिला माहीत होतं बेकार माणसं कुठे बसतात ते. पुलाखाली कट्टा होता, कारखान्यांतून सुटलेले दहा-बारा जण दिवसभर तिथे बसून बिड्या ओढायचे. बसा म्हणावं. कडू नेवऱ्या खा आणि बसा.

त्या दिवशी तळायलाही तीच, लाटायलाही तीच. शेगडीच्या धगीने उजवा गाल भाजून निघत होता आणि दारातून येणाऱ्या गार वाऱ्याने पाठ आखडत होती. तेल उडून मनगटावर फोड आला, त्यावर तिने मैद्याचा हात फिरवला आणि पुढची पारी घेतली. या वेळी तिने सारण चाखलं. आईची आठवण काढून, मनातल्या मनात माफी मागून चाखलं. पण जीभच बिघडली होती. शनिवारपासून घरात सगळे त्या कडू नेवऱ्याच खात होते, चहाबरोबर, भाताऐवजी, कारण चारशेच्या वर नेवऱ्या फेकून द्यायची छाती कोणाला होती? आता तिला पाणीही कडू लागत होतं. सारण गोड आहे की नाही, तिला सांगता येईना. तिने सुंदराबाईला चिमूट दिली.

"गोड आहे गं बाई. किती वेळा विचारशील?"

तरी तिचा विश्वास बसला नाही.

गुणाजी संध्याकाळी उशिरा आला. डोळे लाल, पायांच्या नखांत पांढरं काहीतरी. हात न धुता थेट भिंतीला टेकून बसला आणि बसल्या बसल्या पेंगू लागला. डबा रिकामा होता. सोमवारीही तसंच. जाताना कडू नेवऱ्यांचा डबा, येताना लाल डोळे. सोमवारी अनुपमाच्या तोंडाचा बांध फुटला.

"काम गावला?"

"बघतंय."

"कट्ट्यावर बसान काम गावता? माझो हात बघा. ह्यो फोड बघा. पोरगी कामावरसून येता आणि लाटूक बसता. तुमी डबो घेऊन मिरवतात. तुमची दोनशे रुपयांची बचत आम्ही निस्तरतो, आणि तुमका..."

ती थांबली, पण पुढचा शब्द सगळ्यांनी ऐकल्यासारखाच होता. अपूर्वाने लाटणं खाली ठेवलं.

"आई, बस ना."

गुणाजी उठला, परातीजवळ येऊन बसला आणि त्याने कातणं हातात घेतलं. त्याच्या बोटांची कातडी सुकून उलली होती. कड फिरवताना मैदा त्या चिरांत जायचा आणि तो हळूच हात झटकायचा. अनुपमाने ते बघितलं. विचारायला तोंड उघडलं नाही, कारण अजून राग शिल्लक होता.

मंगळवारी सकाळी पुन्हा चार डबे भरले. तो आधीच निघून गेला होता. बारा किलो माल आणि डब्यांचं वजन, अपूर्वा कामावर, रिक्षाचे पैसे साठ रुपयांतून द्यायचे म्हटलं तर परतीला काही उरत नव्हतं. अनुपमाने दोन पिशव्या केल्या आणि चालत निघाली. चढ उतरली, पूल ओलांडला. पिशवीचे बंद बोटांत रुतत होते. दर शंभर पावलांवर ती पिशव्या खाली ठेवायची, हात बदलायची आणि आत डोकावून बघायची की एखादी फुटली तर नाही. रस्त्याकडेच्या दुकानांवर लाल टोप्या आणि कागदी चांदण्या टांगल्या होत्या. कट्टा वाटेतच होता. तिने बघायचं नाही असं ठरवून बघितलं. दहा-बारा जण होते. त्यांत गुणाजी नव्हता. ते बघून तिला जास्तच धास्ती वाटली.

गावठाणात शिरली तेव्हा दुपारचे बारा होत आले होते. अरुंद गल्ली, कौलारू घरं, घराघरातून भाजलेल्या मसाल्याचा वास. आंटीच्या घरासमोर गावठाणाचा दगडी क्रूस होता आणि आंटीचं घर ओळखू येत नव्हतं, इतकं पांढरं झालं होतं. भिंतीला शिडी लावलेली होती. शिडीवर एक माणूस, डोक्याला फडकं, अंगावर चुन्याचे थेंब, हातात ब्रश. अनुपमाने पिशव्या खाली ठेवल्या. पाठ बघूनच तिने ओळखलं.

त्यानेही तिला बघितलं. ब्रश तसाच धरून राहिला. कोपरावरून चुना ओघळत होता.

"ये गो बाय," रेजिनाआंटी ओसरीवरून म्हणाली. "तुना सांगितलं नाय वाटतं त्याने."

"काय?"

"शनवारी आला. कागदात एक नेवरी. म्हनला, आंटी, ही खा. मी खाल्ली. आई गो, काय कडू! म्हनला, ही चूक माझी हाय, बायकोची नाय. तिना मंगळवारपर्यंत द्या, ती परत करते. माझा रंगारी गावाला पळालेला, शिडी तशीच पडलेली. त्याने बघितली नि म्हनला, हे मी करू का? मी म्हनलं, तू मशीनवरचा मानूस, तुना येतं का? म्हनला, शिकतो." आंटीने पाय सरळ केला. "आठशे रोज ठरवला. आज तिसरा दिवस. माझी भाकरी पन घेत नाय. डब्यातलं तेच कडू खातो नि पानी पितो."

 काल रात्री तोंडातून अर्धा राहिलेला शब्द अनुपमाला आता टोचू लागला. सव्वीस वर्षं ज्याला कारखान्यात ऑपरेटर म्हणत, ज्याने घरातला खिळासुद्धा नीट मोजून ठोकला, तो माणूस लोकांच्या भिंतीला चुना मारत होता आणि तिने त्याला कट्ट्यावर बसवला होता.

"उघड डबा," आंटी म्हणाली.

अनुपमाने झाकण काढलं. आंटीने वरची एक नेवरी उचलली, उलटसुलट बघितली आणि तिच्या हातात दिली.

"माझ्या सासूची रीत. पहिली करनारीच्या तोंडात. मग आम्ही."

 सहा दिवसांत साडेनऊशे नेवऱ्या केल्या होत्या आणि चांगली एकही अजून तोंडात गेली नव्हती. ही कडू निघाली तर पैसे नाहीत, खोली नाही, नावही नाही. तिने नेवरी मधोमध मोडली. अर्धी तोंडात घातली. कुरकुरीत पारी फुटली, साखर विरघळली, वेलची आली, खोबरं आलं. ती चावत राहिली आणि घशाशी तो कडूपणा येण्याची वाट बघत राहिली. शिडीवरून गुणाजी तिच्या तोंडाकडे बघत होता. आंटीही बघत होती.

कडूपणा आला नाही. तिने गिळलं, परत थांबली, तरी आला नाही.

"गोड आसा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

आंटीने दुसरी उचलून खाल्ली आणि मान हलवली. मग पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने पैसे मोजले. बहात्तरशे नेवऱ्यांचे, चोवीसशे गुणाजीचे. अनुपमाने ते घेतले आणि बोटांनीच कळलं. शहाण्णवशे. चारशे कमी होते. संध्याकाळी मार्तंडशेट येणार होते.

"आंटी, अजून काय काम आसा?" शिडीवरून गुणाजीने विचारलं. त्यानेही तीच बेरीज केली होती.

"क्रूस राहिला. तो माझा नाय, गावठाणाचा हाय. मंडळी देतील ते देतील, मी सांगनार नाय किती. पन आज हवा. तीन वाजता पोरं फुलं लावायला येतात."

गुणाजीने सूर्याकडे बघितलं, मग क्रूसाच्या उंचीकडे. एका माणसाच्या हाताने तीन तासांत होण्यासारखं ते नव्हतं. ब्रश बादलीत बुडवून तो भिंतीचा राहिलेला कोपरा संपवू लागला.

अनुपमा शिडीच्या दोन पायऱ्या चढली. उरलेली अर्धी नेवरी अजून तिच्या हातात होती. त्याचे दोन्ही हात चुन्याने माखलेले होते, म्हणून तिने ती त्याच्या ओठांशी धरली. भर गावठाणात, आंटीसमोर. लग्नातल्या घासानंतर तिने त्याला असं कधी भरवलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. चार दिवस कडू खाल्लेला माणूस डोळे मिटून बराच वेळ चावत राहिला.

ती खाली उतरली, पैसे ब्लाउजमध्ये ठेवले, पदर कमरेला घट्ट खोचला आणि क्रूसाकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"आंटी," ती म्हणाली, "दुसरा ब्रश कुठे आहे?"